टेपखाली जपलेला परवाना

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे. परवाना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शिक्के मारलेलं भलंमोठं कागदपत्र आलं असेल, तर ते विसरा. मी काडेपेटीएवढा चकचकीत कागद. अंगावर एका संगणक कंपनीचं नाव आणि खाली अक्षरांच्या रांगा. कारखान्यात एका संगणकात तो चालवणारी प्रणाली भरली, ती चोरीची नाही याची खूण म्हणून मला त्याच्या पाठीवर चिकटवलं आणि आमची गाठ बांधून टाकली. तो आहे तोवर मी खरा. तो गेला की मी नुसता कागद. माझ्यावर हे बारीक अक्षरांत छापलेलंही होतं, पण बारीक अक्षरं वाचतो कोण?

वत्सलाबायने आम्हाला म्हापशाहून आपल्या गावी, पार्सेला आणलं. निघताना दुकानदार माझ्यावर बोट ठेवून म्हणाला, काही झालं तरी हा कागद तेवढा जपा. मेल्याची जीभ झडली का नाही तेव्हाच!

रस्त्याकडेच्या खोलीत वत्सलाबायचं सरकारमान्य सेवा केंद्र होतं. दाखले, विजेची बिलं, पोरांचे शाळेचे अर्ज, सगळं तिथे व्हायचं. हळर्ण गावची म्हातारी माणसंसुद्धा पेडण्याला तालुक्याच्या कचेरीत न जाता तिच्याकडे यायची. तिचा नवरा महादेव वास्कोला बंदरात नोकरीला. तो दर रविवारी म्हणायचा, चल माझ्याबरोबर, इथे काय ठेवलंय? तिचं उत्तर ठरलेलं असायचं, केंद्र आहे तोवर मी पार्से सोडायची नाही. ती खोली म्हणजे तिच्या पायाखालची जमीन होती.

माझे काय लाड झाले म्हणून सांगू! दसऱ्याला संगणकाला झेंडूचं फूल, हळदकुंकू. मला मात्र कुंकूही लावायचं नाही, अक्षरं पुसतील म्हणून. माझ्यावर तिने पारदर्शक टेप लावली आणि ती पिवळी पडली की नवी लावायची. आणि ज्याच्या पाठीवर मी बसलो होतो त्याचं काय? शेजारी काजूची भट्टी, समोर तांबड्या मातीचा रस्ता. धूर आणि धूळ त्याच्या पोटात साठत गेली. पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायला लागला. एकदाही कुणी त्याचं झाकण उघडलं नाही. कामाच्या मध्येच तो बंद पडायचा आणि रांगेतले लोक त्याला शिव्या घालायचे. त्या शिव्या मला पाठीवर बसून ऐकाव्या लागत.

शेवटी तिचा दीर प्रज्योत आला. तो डिचोलीला खाणीच्या कार्यालयात कामाला, संगणकातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत. त्याने सुटे भाग जोडून नवा डबा बनवला होता. त्यात प्रणाली होती, परवाना नव्हता. नवा परवाना घेऊया का, असं वत्सलाबायने विचारलंही. तो माझ्याकडे बघून हसला. "वयनी, नवा लायसन कित्याक? हो आसा मां!"

खोबरेल लावून त्याने मला अलगद सोडवलं आणि नव्या डब्याच्या पाठीवर बसवलं. सासू देवकी नारळ घेऊन पुढे आली. देव जागेवरून हलवायचा तर गाऱ्हाणं घालायलाच हवं, आणि या घरात लक्ष्मी माझ्यामुळे येते असं तिला वाटायचं. "बा म्हाराजा, जुन्या जाग्यावरसून उठ, नव्या जाग्यार बस, हिच्या कामाक येश दी." बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मला लाज वाटली, मित्रांनो. माझ्यात देव नव्हता. असलाच तर तो त्या घरघरणाऱ्या पोटात होता.

वत्सलाबाय म्हणाली, जुना असू दे कोपऱ्यात. पण देवकीने मान हलवली. "नवी मूर्त बसली काय जुनी घरात ठेवूची नसता." मूर्ती नदीत सोडतात. माझा सोबती भंगारवाल्याच्या टेम्पोत गेला. नुसता पंखा साफ केला असता तर तो आणखी कितीतरी वर्षं राबला असता.

माझी अक्षरं नव्या डब्यात भरल्यावर पडद्यावर उमटलं की हा परवाना दुसऱ्या यंत्राचा आहे. प्रज्योतने ती ओळ मिटवली, आपोआप जाईल म्हणाला आणि डिचोलीला निघून गेला. ओळ पुन्हा येत राहिली. वत्सलाबाय ती बाजूला सारून लोकांची कामं करत राहिली.

मग पेडण्याहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी ती ओळ पाहिली, डब्याच्या मागे आले, वाकले आणि मला वाचलं.

"बाय, हा कागद ज्या मशीनचा आहे, ती मशीन कुठे?"

"भंगारात दिली. पण साहेब, परवाना खरा आहे. मी विकत घेतलाय."

"खरा होता. तो त्या मशीनच्या आतल्या मुख्य बोर्डाला बांधलेला असतो, दुसरीकडे नेता येत नाही. एकाचा कागद काढून दुसऱ्याला लावला, याला आम्ही फसवणूक म्हणतो."

ती धावत भंगारवाल्याकडे गेली. तांब्यासाठी बोर्डाचे तुकडे झालेले होते. तिने नवा परवानाही आणला, रीतसर पावतीचा. पण तोवर तिची मान्यता काढून केंद्र दुसऱ्या गावाला दिलं होतं. आणि जिने आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नाही, तिच्याबद्दल गाव बोलायला लागलं, चोरीचं चालवत होती म्हणे. बोलणाऱ्यांच्या घरातले निम्मे दाखले तिनेच काढून दिलेले.

रविवारी महादेव आला. तो काही टोचून बोलला नाही, फक्त "आता चल" म्हणाला. तिने डब्यावर जुनी चादर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि वास्कोची बस धरली.

मित्रांनो, या चादरीखालून एवढंच सांगतो. जपायचं तर राबणाऱ्याला जपा. त्याच्या पाठीवरचं नाव जपत बसण्यापेक्षा पोटातली धूळ काढा. वत्सलाबायने मला इतकं जपलं, इतकं जपलं, की माझं एक अक्षरसुद्धा पुसलं गेलं नाही. म्हणून तर साहेबांना सगळं नीट वाचता आलं.