कवळीवाल्याच्या घरची कवळी

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो एकतीस वर्षं कवळ्या करत होता. माणसं पुढे डॉक्टरांकडे यायची. याच्या वाट्याला त्यांच्या जबड्यांचे नुसते प्लास्टरचे साचे. पाठ वाकली, डोळे अधू झाले. पण कामात गडी वस्ताद! प्रत्येकाचा जुना, हसरा फोटो मागवून घ्यायचा. मूळचा दात वाकडा असेल, तर कवळीतही तस्साच वाकडा बसवायचा. "सरळ दात काय, कुणीही लावेल," म्हणायचा. "घरच्यांना आपलं माणूस ओळखू आलं पाहिजे." एवढ्या एका गोष्टीवर त्याने ही ढोरमेहनत रेटली होती.

यंदा बायकोच जिन्यावरून पडली. समोरचे दात गेले, वरचे उरलेले डॉक्टरांनी काढले. ती तोंडावर हात धरून बोलू लागली, शेजारणींकडे जाणंही सोडलं. हा म्हणाला, "घरचंच तर काम! अशी करून देतो की बघत राहशील."

घरातले जुने फोटो काढून बसला, तर प्रत्येकात बाईसाहेब ओठ मिटून. अगदी लग्नातसुद्धा!

"तू कधी हसतच नव्हतीस का गं?"

"हसायचे की. फोटोवाल्यासमोर लाज वाटायची."

दुसऱ्या दिवशी तो मेण घेऊन साच्यासमोर बसला आणि हात थांबला. वाकडा दात कुठला होता? डावा? की मधे फट होती? छे, काही म्हणता काही आठवेना. रोज दमून घरी यायचं, मान खाली घालून जेवायचं आणि आडवं व्हायचं. समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघायचं त्राण उरतं कुणाला? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तिला विचारायचं तरी कसं? नाहीच विचारलं. शेवटी एका ओळीत सरळ दात लावून मोकळा झाला.

रविवारी सकाळी तिने कवळी बसवली. आरशात बराच वेळ बघितलं, पुढच्या दातांवरून जीभ फिरवली.

"टोचत नाही ना कुठे?" त्याने विचारलं.

"नाही हो. छान बसलीय." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "पण माझी नाही ही. कुणाची आहे?"