डिस्क वाचता येत नाही

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत बिंदुमाधवशास्त्र्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. पण विद्युल्लतेचा नवरा म्हणून त्यांना ओळखलं जावं, अशी पाळी लग्नानंतर एकदाच आली होती. गणितात एम.एस्सी. झालेल्या विद्युल्लतेनं माहेरून आणलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर काशीचं पंचांग काढणारा प्रोग्राम लिहिला होता. पंचांग छापणारे घरी आले, शास्त्रीबुवांच्या पाया पडले आणि थेट तिच्यापाशी जाऊन बसले.

त्याच आठवड्यात मशीन बंद पडलं. प्रोग्राम ठेवलेली फ्लॉपी डिस्क घातली की दिवा लागे, मोटर घरघरे आणि पडद्यावर तीच ओळ उमटे: डिस्क वाचता येत नाही.

"हिच्या हातात चांगली वस्तू टिकेल तर शपथ," शास्त्रीबुवा चारचौघांत म्हणाले. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिलाही वाटलं. मशीन माळ्यावर गेलं, ती शाळेत शिकवू लागली.

निवृत्त झाल्यावर तिनं ते खाली काढलं. जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्यांचं लिहिलेलं इंटरनेटवर वाचून वाचून एके दिवशी फ्लॉपीचा ड्राइव्ह उघडला. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं, ते खरवडलं. कापसाला स्पिरिट लावून डिस्क वाचणारं हेड पुसलं. सैल पडलेला बेल्ट बदलला. तरी तेच.

शास्त्रीबुवा लाकडी चौकीवर पान लावत बघत असत. "केबल नीट बसलीय का बघ," असं सुचवतही. "इतक्यात हार मानू नकोस हं." तिला भरून यायचं. उभ्या जन्मात त्यांनी तिच्या कामाची अशी विचारपूस केली नव्हती.

शेवटी अशी मशीनं जमवणारा नाशिकचा केयूर फोनवर म्हणाला, "काकू, ड्राइव्ह ठीक असेल. डिस्कच गेली असेल. माझ्याकडची चालणारी पाठवतो, सोबत एक कोरी."

दोन्ही डिस्क आल्या. चालणारी घातल्याबरोबर ड्राइव्ह खडखडला आणि पडद्यावर कर्सर लुकलुकू लागला.

"अहो, चाललं!" ती ओरडली.

मग तिनं आपल्या डिस्क काढल्या. पहिली, दुसरी, सगळा डबा. ना बुरशी, ना ओरखडा. आणि एकीवरही अक्षर नाही.

"एखादी खराब होईल," ती पुटपुटली, "सगळ्या कशा होतील?"

"लोहचुंबकानं," तोंडातलं पान सांभाळत शास्त्रीबुवा म्हणाले. "रेडिओच्या स्पीकरमधलं. सगळ्यांवरून फिरवलं मी, पुसलं गेलं सगळं."

"कधी?"

"छापखानेवाले येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू शिंदे घाटावर गेली होतीस."

"आणि आता इतके दिवस मी हे खोलतेय, पुसतेय..."

"बघायला मजा येत होती." त्यांनी पिकदाणी जवळ ओढली. "चहा टाक."

विद्युल्लता उठली नाही. तिनं केयूरची दुसरी, कोरी डिस्क आत सारली आणि टाइप करायला घेतलं. पहिल्या ओळीत प्रोग्रामचं नाव. दुसरी ओळ सूर्याच्या गतीची. बोटं कळांवर टेकली आणि तिथंच राहिली. एके काळी हे सगळं तिला झोपेतही म्हणता आलं असतं. तिनं डोळे मिटले, एक आकडा आठवला, तो बरोबर की चूक तेही कळेना.

"आठवत नाही ना?" मागून आवाज आला. "मला वाटलंच होतं."

मग शास्त्रीबुवांनी स्वतःच उठून चहा केला, एकच कप, आणि तो फुंकत फुंकत तिच्या पाठीशी येऊन बसले.