वर्ष फिरेस्तोवर

मंजुळाबाईला पोराचं नाक आठवेना. डोळे आठवत, कपाळावरची लहानपणीची खोक आठवे, हसताना एका बाजूनं वर जाणारा ओठ आठवे, पण नाक म्हटलं की सगळं पुसट व्हायचं. इंद्रभानला जाऊन पाच महिनेही झाले नव्हते, तर ही गत. चुलीपुढं बसल्या बसल्या ती नवऱ्याला विचारी, "त्याचं नाक माह्यासारखं होतं का तुमच्यासारखं?" भगवंतराव म्हणे, तुझ्यासारखं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे, माझ्यासारखं. खरं सांगायचं तर त्यालाही आठवत नव्हतं. बापाला एवढंही आठवू नये याची त्याला लाज वाटे, आणि लाज वाटली की तो उठून वांग्याच्या वाफ्यात जाई आणि नसलेलं तण उपटत बसे.

फोटो नव्हता. धामणगाव बढ्याच्या बाजारात फोटोवाला बसायचा, पण तेवीस वर्षांच्या धडधाकट पोराचा फोटो उगाच कशाला काढायचा? लग्न ठरलं की काढू, असं म्हणत राहिले. आता इंद्रभानचा चेहरा सगळ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण म्हणजे मुंबईच्या देवस्थळीसाहेबाच्या फिल्मचा डबा.

हा देवस्थळी लघुपट काढणारा माणूस. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, गावोगाव विहिरी खोल करायचं काम निघालं होतं, आणि त्यावर त्याला छोटासा सिनेमा काढायचा होता. सिनेमा म्हटल्यावर गावाला वाटलं, चला, नाचगाणं पाहायला मिळेल. यानं आणली तीन माणसं आणि एक कॅमेरा, आणि बारा दिवस भगवंतरावच्या विहिरीवर ठाण मांडलं. नट नाही, नटी नाही. गावानं दोन दिवस पाहिलं आणि कंटाळून आपापल्या कामाला लागलं. साहेबाचा जीव मात्र इंद्रभानवर जडला. पोर दोर धरून विहिरीतून वर येतं, डोक्यावरून चिखलाचं पाणी निथळतंय, तांब्या तोंडाला लावतं, आणि मग सरळ कॅमेऱ्यात पाहून हसतं. अशी चार मिनिटं त्यानं घेतली. जाताना सांगून गेला, पाणी लागायला आलं की कळवा, मी परत येतो, पाणी चढताना दाखवायचं आहे.

इथंच घात झाला. साहेब यायच्या आत पाणी लावायची भगवंतरावला घाई सुटली. पूर्वेची कड भुसभुशीत वाटते, दोन दिवस थांबू, असं इंद्रभान म्हणाला होता. "उतर बे, काई होत नाही," असं म्हणणारा बाप होता. माघातली सकाळ होती ती. कड ढासळली, माणसं दुपारपर्यंत माती उपसत राहिली, आणि पोर हाती लागलं तेव्हा त्याच्या तोंडानाकात गच्च माती बसलेली होती. मंजुळाबाईनं शेवटचं पाहिलं ते तेवढंच.

साहेब परत आला, मान खाली घालून ओट्यावर बसला. मंजुळाबाई रोज दुपारी भाकर बांधून विहिरीवर नेते, काठावर ठेवते, घटकाभर बसते आणि तशीच परत आणते, हे त्यानं पाहिलं. हात जोडून विचारलं, हे फिल्ममध्ये घेऊ का? ती म्हणाली, घ्या, पण माझं लेकरू मला एकदा दाखवा. साहेबानं शब्द दिला की फिल्म तयार झाली की पहिला खेळ या गावात, तुमच्यासाठी. माणूस खोटा नव्हता. त्या वेळी त्याच्या मनात तसंच होतं.

मग आषाढात पत्र आलं. भगवंतराव चौथी शिकलेला, एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यानं ते गोठ्यात बसून वाचलं. परदेशात कुठंशी मोठा महोत्सव भरतो, साऱ्या जगाचे सिनेमे तिथं स्पर्धेला उतरतात, लघुपटांची स्पर्धा वेगळी असते, आणि साहेबाला आपली फिल्म तिथं पाठवायची होती. आता त्या स्पर्धेचे कायदे काय, तर पंचांनी पाहायच्या आधी फिल्म कुठंही दाखवायची नाही. दाखवली की बाद. म्हणजे गावातला पहिला खेळ गेला. दुसरं, लघुपट वीस मिनिटांच्या वर चालत नाही. आणि तिसरं, एकदा डबा पाठवला की त्यात तसूभर फरक करायचा नाही. साहेबाची फिल्म झाली होती चोवीस मिनिटांची. चार मिनिटं काढणं भाग होतं. इंद्रभानचा तुकडा काढला तरी भागतं, मोटेचे बैल काढले तरी भागतं, असं त्यानं लिहिलं होतं, आणि मला इंद्रभानला ठेवायचं आहे, पण तो तुमचा मुलगा आहे, तुम्ही म्हणाल तसं करीन, श्रावण संपायच्या आत कळवा.

सांगा, किती सभ्य माणूस. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

भगवंतरावच्या भावकीत एक रीत होती. माणूस अवेळी गेला की वर्ष फिरेस्तोवर त्याचं काही परक्यापुढं मांडायचं नाही. त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधून माळ्यावर टाकायचं, त्याचं अंथरूण गुंडाळून ठेवायचं. वर्षश्राद्ध झालं की गाठोडं सोडायचं, कपडे उन्हात घालायचे, नात्यात वाटायचे, आणि मग खुशाल त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या गोष्टी सांगायच्या. जानराव, भावकीतला सगळ्यांत वडील, त्याच्यापाशी भगवंतरावनं विषय काढला. परमुलखातली अनोळखी माणसं पोराचं तोंड पाहणार म्हटल्यावर जानराव घाबराच झाला. पोराचा जीव इथंच अडकून पडेल, म्हणाला. वर्ष फिरू दे, मग साऱ्या दुनियेला दाखव.

आणि भगवंतरावला ते पटलं. खरं म्हणजे त्याला ते पटायलाच हवं होतं. पोर सरळ कॅमेऱ्यात पाहून हसलं होतं, ते त्यानं काठावर उभं राहून पाहिलं होतं. तसंच ते पडद्यावरून आपल्याकडे पाहील, हे त्याला सोसणार नव्हतं. वर्षभराची सवड मिळत होती. त्यानं बायकोला न विचारता, न सांगता धामणगावच्या पोस्टात जाऊन कार्ड टाकलं: "साहेबांस नमस्कार. वर्ष फिरेस्तोवर माझ्या मुलाचे तोंड कोणास दाखवू नये. बैल ठेवावेत."

काढलं म्हणजे माळ्यावर टाकलं, असं तो धरून चालला होता. गाठोडं बांधलं की वर्षानं सोडायचंच असतं. तसं नसतं, असं त्याला कोण सांगणार? मंजुळाबाईला त्यानं एवढंच सांगितलं की पंचांनी पाहायच्या आधी फिल्म दाखवता येत नाही. ती म्हणाली, पंच कधी पाहतील? तो म्हणाला, थंडीत.

थंडीत पत्रं येत गेली. आधी एक निवड समिती बसते, दोनशे फिल्मांतून तिनं चौदा उचलल्या, त्यात आपली आहे. मग पाच देशांचे पाच पंच अंधाऱ्या दालनात ओळीनं बसून चौदाही फिल्मा पाहतात, एकमेकांशी बोलत नाहीत, बाहेरच्यांशी तर मुळीच नाही, आणि शेवटी दार लावून गुप्त मत टाकतात. एवढा कारभार. शेवटी तार आली की आपल्या फिल्मला लघुपटांतलं पहिलं बक्षीस मिळालं. शाळेच्या मास्तरनं ती मोठ्यानं वाचली, गावात पेढे वाटले गेले, जानरावनं भगवंतरावच्या कपाळाला गुलाल लावला. मंजुळाबाईला बक्षिसाचं काही नव्हतं. "आता तं दाखवतीन ना?" एवढंच ती विचारत होती.

माघात वर्षश्राद्ध झालं. गाठोडं खाली आलं. सदरे उन्हात घातले, सगळे वाटले, एक निळा सदरा मंजुळाबाईनं कुणाला न विचारता पेटीत ठेवला. भगवंतरावलाही वर्षात पहिल्यांदा जरा मोकळं वाटत होतं. आता साहेबानं यावं, पोराला परत फिल्ममध्ये बसवून आणावं, मंजुळीनं पाहावं, आपणही छातीवर दगड ठेवून पाहावं.

फाल्गुनात जीप आली. साहेबानं यंत्र आणलं, जनित्र आणलं, आणि बक्षिसाचं पदक मखमलीच्या डबीत घालून आणलं. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना गोणपाटं ठोकून भरदुपारी अंधार केला. माणसं दाटीवाटीनं बसली. मंजुळाबाई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली होती. सुरू व्हायच्या आधी भगवंतरावनं साहेबाला बाजूला घेतलं.

"सायेब, वर्ष फिरलं. पोट्ट्याले परत बसवलं ना फिल्ममंदी?"

साहेबाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाठवलेल्या फिल्ममध्ये काही बदलता येत नव्हतं, हे तर झालंच. पण कापलेला तुकडाही राहिला नव्हता. मूळ फीत कापली की उरलेलं सारं प्रयोगशाळेत गोळा होतं आणि रद्दीवाला वजनावर घेऊन जातो. त्यातली चांदी काढून घेतात, उरलेल्याच्या बांगड्या-बिंगड्या करतात. तुमचं कार्ड आलं, साहेब हळूच म्हणाला, मला वाटलं तुम्हाला तो पडद्यावर नकोच आहे. म्हणून मी सांभाळून ठेवला नाही.

"गाठोडं बांधून नाही ठेवलं?" भगवंतरावनं विचारलं. साहेबाला या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. यंत्र सुरू झालं होतं, लोक गप्प बसा म्हणत होते. भगवंतराव खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आधी बैल आले. चांगली चार मिनिटं आले, मोट ओढत मागंपुढं करत राहिले, आणि लोक खूश. हा रंगरावचा ढवळा, तो आपला बांड्या, अशी ओळख पटवणं चाललं. मग विहीर आली. काळा खड्डा आणि त्यात उतरलेला दोर. दोर ताणला गेला, हलू लागला, कुणीतरी वर चढतंय हे दिसत होतं. "आता येते तो," मंजुळाबाई शेजारणीला म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. दोर हलला, हलत राहिला, आणि पडद्यावर आली मंजुळाबाईच, भाकर घेऊन विहिरीकडे चाललेली. ती स्वतःकडे पाहीना. पडद्याच्या कडेला पाहत होती, पोर मागून येईल म्हणून. पडद्यावरची बाई काठावर बसली, उठली, भाकर घेऊन परत फिरली, आणि दिवा लागला.

"संपलं?" ती म्हणाली. मग म्हणाली, माझ्या डोळ्यांत पाणी होतं, माझं पाहायचं राहिलं असेल, परत लावा. साहेबानं परत लावलं. परत बैल, परत दोर, परत तीच. या वेळी कुणी बैलांची ओळख पटवली नाही.

पुन्हा दिवा लागला. तेव्हा जानरावला वाटलं, आपण वडील, काहीतरी शोभेलसं करावं. पंचांनी बक्षीस काऊन दिलं ते तरी सांगा, असं तो साहेबाला म्हणाला. साहेब टाळत होता. जानराव ऐकेना. शेवटी साहेबानं खिशातून मानपत्राचा कागद काढला आणि मराठीत सांगितला. मेलेल्या मुलाचा चेहरा एकदाही न दाखवता, नुसता हलणारा दोर दाखवून त्याची आई काय हरवून बसली आहे हे या लघुपटानं सांगितलं. चेहरा न दाखवण्याच्या या संयमासाठी पंच एकमतानं हे बक्षीस देत आहेत.

भगवंतरावनं खिडकीशी उभ्यानं ते ऐकलं. त्याचं कार्ड जिंकलं होतं. घाबरून लिहिलेल्या दोन ओळींना पाच देशांच्या शहाण्यांनी पदक दिलं होतं.

मंजुळाबाई उठून साहेबापुढं आली. "म्हंजे तो होता त्याच्यात," ती म्हणाली. "कोनं काढलं?"

साहेबानं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग कागदाची घडी घालत म्हणाला, "नियम होता, बाई. वीस मिनिटांचा."

सुटका समोर आली होती, हात पुढं केला की झालं. साहेब आयुष्यात बोलणार नव्हता, आणि परदेशातल्या नियमाशी भांडायला मंजुळाबाई कुठं जाणार होती? भगवंतरावनं गोणपाटाची कड मुठीत धरली होती. ती सुटली आणि खोलीत उन्हाचा पट्टा आला.

"म्या सांगतलं काढाले," तो म्हणाला. "कार्ड टाकलं होतं. बैल ठेवा म्हनलं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर जे तिनं चुलीपुढं, शेतात, बाजाराच्या वाटेवर कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते ती साऱ्या गावादेखत अगदी हळू आवाजात बोलली.

"उतर बी तुमीच म्हनलं होतं."

जानराव खाली पाहत होता. पदकाची डबी टेबलावर उघडी होती. मंजुळाबाई पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली, पदर नीट केला आणि साहेबाला म्हणाली, "लावा पुन्हा. दोर हालते तेवढं तरी पाहू द्या."

भगवंतरावनं गोणपाट परत खिडकीवर धरलं. खिळा निघाला होता, म्हणून बैल जाऊन दोर येईपर्यंत आणि दोर जाईपर्यंत त्याला ते दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागलं.