पाहुण्याला दिलेली खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला सत्ता आठवत असेल. माझ्याकडे तसलं काही नाही. मी फणसाच्या लाकडाची, वेताने विणलेली एक जुनी खुर्ची आहे आणि वसईतल्या एका कॉलेजात, तळमजल्यावरच्या अगदी टोकाच्या खोलीत असते. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भुईगावला इग्नेशियस नावाचे एक बागायतदार आहेत. त्यांच्या वाडीतला फणस वादळात आडवा झाला, तेव्हा त्यांनी सुताराला बोलावून मला करून घेतलं. बरीच वर्षं मी त्यांच्या ओटीवर होते. आलागेला माझ्यावर बसे, केळीचा भाव काढी, कुणाच्या तरी लग्नाची चौकशी करी आणि उठून जाई. दिवस सुखाचे होते, पण माझं कुणावाचून आणि कुणाचं माझ्यावाचून अडत नव्हतं.

त्यांची मुलगी बेला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. अभ्यासात मागे पडलेल्या, मनातून खचलेल्या मुलांशी बोलायला कॉलेजने तिला एक खोली दिली, तेव्हा ती मला न्यायला आली.

"प्लास्टिकच्या खुर्चीवर पोरं नुसती टेकतात, पप्पा," ती म्हणाली. "मला त्यांना बसवायचंय."

"मग ने की," इग्नेशियस म्हणाले. "इथे बसून माणसं चकाट्याच पिटतात."

त्या खोलीत मला पहिल्यांदा काम मिळालं. बेला मॅडमची पद्धत साधी होती. मूल आलं की आधी पाणी द्यायचं. मग त्याला हवं ते, हवं तितकं बोलू द्यायचं. रडायचं असेल तर रडू द्यायचं. आणि उठण्यापूर्वी वही उघडून एक तरी गणित दोघांनी मिळून सोडवायचं. रडून मोकळं झालेलं मूल गणित सुटलं की जरा ताठ चालत बाहेर जाई, ते मला पाठमोरं दिसे. मॅडम स्वतः माझ्यावर कधी बसल्या नाहीत. त्या समोरच्या स्टुलावर बसत. बोलता बोलता मुलं माझ्या कडेचा वेत नखांनी उसकटत, तोही त्यांनी कधी दुरुस्त करून घेतला नाही. "हाताला काहीतरी लागतं बोलताना," असं म्हणत.

एव्हरशाईन सिटी या वसाहतीतली क्षितिजा माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा तिच्या तीन केट्या होत्या. केटी म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर नशीबवान आहात. घरी तिने सगळं सुटलंय म्हणून सांगितलं होतं. वडील विलास मुंबईत नोकरीला, मुलीच्या हुशारीबद्दल चारचौघांत बोलणारे.

"बाबा मारणार नाहीत मॅडम," ती म्हणाली. "बोलणंच बंद करतील. ते जास्त डेंजर आहे."

"दुसऱ्या कुणाकडून कळलं तर बंद करतील," मॅडम म्हणाल्या. "तू सांगितलंस तर बहुतेक नाही करणार. आणि मी असेन ना बाजूला. दोन विषय तू आत्ता परीक्षा दिलीस तरी निघतील, हे मी सांगेन त्यांना."

आणि ते खरं होतं. गणितं तिला सुटू लागली होती. अवघड होतं ते एकच वाक्य. मॅडम समोर वडील होऊन बसत आणि क्षितिजा म्हणे, "बाबा," आणि तिथेच अडे. कितीदा तरी ती त्या एका शब्दावरून परत फिरली. माझा वेत तिने बोटभर उसवला. मग एका दुपारी ती सलग म्हणाली, "बाबा, मी नापास झालेय, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले." मॅडमनी डोळे पुसले. येत्या शनिवारी वडिलांना इथे आणायचं ठरलं.

त्याच आठवड्यात प्राचार्य दोन शिपायांना घेऊन खोलीत आले. शनिवारी 'विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य' या विषयावर मोठ्या पाहुण्यांचं व्याख्यान होतं, आणि मंचावर शोभेल अशी खुर्ची सगळ्या कॉलेजात मी एकटीच.

"सर, शनिवारी माझ्याकडे एक पालक येतायत," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, कार्यक्रम तुमच्याच विषयावर, आणि तुम्हीच नाही? सत्काराचं ताट तुम्हाला धरायचंय. पालक काय, नंतर भेटतील."

माझा उसवलेला वेत दुसऱ्याच दिवशी कारागिराकडून विणून आला. वर पॉलिशही झालं.

शनिवारी पाहुणे माझ्यावर ऐसपैस बसले. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून येईल त्याला आत बसवत होते, त्यात विलास आणि क्षितिजाही मागच्या रांगेत बसलेले मला दिसले. पाहुणे चांगलं बोलले. मुलांचं ऐका, म्हणाले, त्यांना वेळ द्या. टाळ्या पडल्या. विलासनीही मनापासून वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर क्षितिजा वडिलांना घेऊन मंचापाशी आली. मॅडमच्या हातात शाल-श्रीफळाचं ताट होतं. "पाचच मिनिटं हं, क्षितिजा," त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी ते ऐकलं. पाहुण्यांसमोर पालक आलेले पाहून त्यांना भरून आलं.

"वा, वडील आलेत? काय काम होतं?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी ऑफिसातल्या प्लासिडला हाक मारली. "अरे, यांच्या मुलीचं काय आहे बघ रे."

प्लासिड काही वाईट माणूस नाही. विचारलं म्हणून त्याने सांगितलं. "क्षितिजा ना? तीन केट्या आहेत सर. मागच्या वर्षीपासूनच्या."

आजूबाजूची मुलं वळून बघू लागली. "अरेरे," पाहुणे म्हणाले. "अभ्यास करायला हवा, बेटा." मोठ्या माणसासमोर हसतात तसे विलास हसले आणि "हो साहेब" म्हणाले. क्षितिजा मॅडमकडे बघत होती. मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांचा चहा." आणि मॅडम ताट घेऊन गेल्या.

"घरी चल," विलास मुलीला म्हणाले. बाकी काही नाही.

मला खोलीत परत आणून ठेवलं. काही दिवसांनी प्लासिड समारंभाचा फोटो घेऊन भिंतीवर लावायला आला. फोटोत पाहुणे आहेत, मी आहे. प्लासिड खोलीत आला तेव्हा बेला मॅडम पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या होत्या.

"काल मी तिच्या घरी गेले होते," त्या म्हणाल्या. "कॉलेजातून नाव काढलंय. विरारला एका दुकानात बिलं बनवते. बाप अजून तिच्याशी बोलत नाही."

"मला विचारलं म्हणून मी बोललो मॅडम," प्लासिड म्हणाला.

"तुला कोण काय म्हणतंय? मी तिला म्हटलं, परीक्षेला बस, मी घरी येऊन शिकवते. तर ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही तर तिथेच होतात.'"

प्लासिडने फोटो लावला आणि तो गेला. त्यानंतर मॅडम रोज येतात, दार उघडं ठेवतात, पाणी भरून ठेवतात. मुलं येत नाहीत. सगळ्या कॉलेजने ते पाहिलं होतं. इथे सांगितलेलं मंचासमोर बाहेर येतं, एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पुसतात, पॉलिश करतात, माझा वेत एका दिवसात विणून येतो. तुम्ही मोठे व्हाल, कुणी मास्तर व्हाल, कुणी प्राचार्य, कुणी पाहुणेसुद्धा. तेव्हा एखादं पोर तोंड उघडायचा धीर करून तुमच्या दारात आलं, तर आधी त्याला बसवा. पाहुणा थोडा वेळ उभा राहिला तर त्याचं काही बिघडत नाही.