चकचकीत तोफ

घड्याळजीने जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण घरी वेळ दिला तो फक्त मागच्या खोलीला. तिथल्या काचेच्या कपाटात त्याचा खरा संसार होता: वीतभर लांबीच्या ब्राँझच्या एकोणीस जुन्या तोफा, शिशाचे सैनिक, चावीवर चालणारा पत्र्याचा रणगाडा. तोफांवर काळपट-हिरवट थर चढलेला. हा थर म्हणजे वस्तूचं वय. संग्राहक एक वेळ मोडकं चाक खपवून घेईल, पण थरावर ओरखडा नाही.

हे बायकोला कोणी सांगितलंच नव्हतं. हा कशाला सांगतोय! त्याच्या साठाव्या वाढदिवसाला तिने एक तोफ उचलली, लिंबू-मीठ लावून दुपारभर घासली आणि लखलखीत करून त्याच्या टेबलावर ठेवली. नेमका तेव्हाच त्याचा मित्र कर्नल आला. हा कर्नल आयुष्यभर पोस्टात शिक्के मारत होता, पण मिशा लष्करी होत्या आणि शिशाची पलटण त्याच्याकडेही होती.

"कोणी केला हा सत्यानाश?" कर्नलने कपाळाला हात लावला.

"कोण करणार? आमची अक्कलशून्य बायको," घड्याळजी म्हणाला, आणि दोघंही हसले.

ती चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. "पुन्हा माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही," त्याने वर बजावलं. तिने ते पाळलं. सहा वर्षं त्या खोलीत तिने झाडूसुद्धा नेला नाही, आणि मग तीन दिवसांच्या तापाने गेली. माफी मागायची राहूनच गेली.

वर्षभराने एका सकाळी कर्नल कपाटापुढे थबकला. "ही परत घासलीस? बरी काळवंडत आली होती की!"

घड्याळजीने ती घासली नव्हती. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना धड लिंबूही पिळवत नव्हतं, आणि घरात लिंबू येऊन वर्ष झालं होतं. कपाटाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. तोफ उलटी करून पाहिली तर चाकाच्या आऱ्यांत लिंबाची बी अडकलेली. ओली.

मग रोज दुपारी खोलीतून फडक्याची घसघस येऊ लागली. तो दाराशी गेला की थांबायची. आधी त्याला भीती वाटायची. पुढे भीतीपेक्षा वाईट काहीतरी झालं. घासली जात होती ती तेवढी एकच तोफ, तिने बिघडवलेली. बाकीच्या अठरांवर बोटसुद्धा उमटलं नव्हतं. मेल्यावरही ती त्याचा हुकूम पाळत होती, हे त्याला सहन होईना.

अखेर त्याने कपाटातली सगळ्यात जुनी तोफ काढली. हिच्यासाठी त्याने अकरा वर्षं मूळ मालकाच्या विनवण्या केल्या होत्या. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. शेजारी चिरलेलं लिंबू, वाटीत मीठ, तिचं जुनं फडकं.

"चुकलं गं माझं," तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "चारचौघांत नको ते बोललो. आता लाव हात. सगळ्यांना लाव."

लिंबू सुकून गेलं. त्याने दुसरं आणलं, तेही सुकलं. मागच्या खोलीतली घसघससुद्धा बंद झाली. आठवडा झाला. तिला रुसायचा हक्कच आहे, असं म्हणून त्याने तिसरं लिंबू चिरून ठेवलं.

रविवारी सकाळी कर्नल पाणी प्यायला आत गेला आणि ओरडला, "अरे, कोणी केला हा सत्यानाश?"

घड्याळजी धडपडत आत आला. खिडकीतल्या उन्हात तोफ झळकत होती. दोनशे वर्षांचा थर पार गेला होता. लिंबाच्या फोडींचा पिळून चोथा झाला होता, आणि फडकं धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेलं होतं. कर्नल रडायचाच बाकी होता.

"आमच्या हिने," घड्याळजी म्हणाला. "किती सुंदर घासलीय बघ तरी."

मग तो रिकाम्या दाराकडे वळला.

"दमलीस का गं?" त्याने विचारलं.