आठवं नाव

रेव्हरंड शांतवन रणभिसे यांना दोन गोष्टी जमत नसत. एक खोटं बोलणं, आणि दुसरी कुणाचे आभार मानायचे राहू देणं. पहिलीपायी पाळकाचं फारसं कुठं अडत नाही. दुसरीपायी मात्र त्यांना कोठडी बघावी लागली.

पलूसपासून चार मैलांवर हिवरवाडी आहे. गावाच्या ओढ्यापलीकडे एकतीस घरांची ख्रिस्तवाडी, आणि मधोमध कौलारू देऊळ. दर एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत पाळक सरत्या वर्षाची उपकारयादी वाचत. मंडळीवर ज्यानं ज्यानं उपकार केला त्याचं नाव आणि काय केलं ते. कंदील दुरुस्त करणारा कासार, आजारी माणसाला गाडीतून पलूसला नेणारा शेतकरी, सांगलीच्या मिशनच्या साहेबांनी पाठवलेली जुनी घोंगडी. प्रत्येक नावानंतर मंडळी 'आमेन' म्हणे. शेवटी पाळक विचारत, "कुणाचं राहिलं का?" हा प्रश्न त्यांनी पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर घातला होता. त्या वर्षी अंबूबाईनं दिलेला भोपळा यादीत यायचा राहिला, आणि अंबूबाई तीन महिने देवळाकडे फिरकली नव्हती.

यादीनंतर पुढल्या वर्षाचे संकल्प. ते बावीस वर्षं साधारण तेच होते. देवळाची कौलं चाळायची, घंटा आणायची, मुलींना शाळेत धाडायचं, आणि कोंडीबाची दारू सोडवायची. या शेवटच्या संकल्पाला सगळ्यात मोठ्यानं आमेन कोंडीबाच म्हणायचा.

सन त्रेचाळीसच्या पावसाळ्यात ख्रिस्तवाडीत पटकीची साथ आली. ओढ्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही आणि गावच्या विहिरीवर ख्रिस्तवाडीला कधीच मज्जाव होता. पटकी नसतानाही होता, त्यामुळं नवीन काही झालं असं म्हणता येणार नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे देवळामागं बैलगाडी थांबली. गाडीत पाण्यानं भरलेली दोन पिंपं होती आणि बैलांपाशी नाथाजी उभा होता. नाथाजी म्हणजे गावच्या लालासाहेबांचा पुतण्या, मळ्याचा आणि नव्वद एकर उसाचा वारस. आदल्या वर्षीच्या चळवळीपासून तो फरारी होता आणि त्याच्या नावाचं वॉरंट होतं. आपल्याच मळ्यावरच्या विहिरीची मोट तो उजाडायच्या आत हाणायचा आणि ते पाणी ख्रिस्तवाडीला आणून द्यायचा. असं अठरा दिवस. दिवसा तो देवळात बाजाच्या पेटीच्या खोक्यामागं झोपायचा. वाडीतल्या म्हाताऱ्या राहीबाईंचा नातू आणि आणखी चौघं गेली, तेव्हा खड्डे खणायला हात उरले नव्हते. ते खड्डेही त्यानंच खणले.

चव्वेचाळीसच्या एक जानेवारीला पाळकांच्या कोटाच्या खिशात यादी तयार होती. त्या यादीत आठवं नाव नाथाजीचं होतं.

उपासनेला पाव तास असताना फौजदार दोन शिपायांसह आले. हिवरवाडीचे पाळक दर साली नावं वाचतात, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. फौजदारांनाही ते आता ठाऊक झालं होतं. ऑगस्टात नाथाजी कुठं होता एवढंच त्यांना हवं होतं. तो काकांच्याच मळ्यावर होता हे नक्की झालं की आसरा दिल्याबद्दल लालासाहेबांच्या घरावर जप्ती, आणि फरारी माणूस आपोआप पुढ्यात. ते अदबीनं म्हणाले, "पाळकसाहेब, म्हटलं आपणही ऐकावं." देवळात खुर्ची एकच होती. ती त्यांना दिली.

पाळक मागच्या पडवीत गेले. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई चुलीवर उपासनेनंतरच्या चहाचं आधण ठेवत होत्या.

"ती यादी इकडं द्या," त्या म्हणाल्या.

"अगं, वाचायची आहे मला."

"तोंडपाठ आहे तुम्हाला. चार दिवस अंघोळ करतानासुद्धा तीच ऐकतेय मी."

गोदावरीबाईंनीच त्यांच्या खिशातून कागद काढला आणि पातेल्याखाली जाळात सारला.

"बावीस याद्या ट्रंकेत जपून ठेवल्यात गं मी!"

"तेविसावी वर गेली. ज्यानं वाचायची तो वाचेल. आणि हे बघा, ते एक नाव तोंडातनं काढू नका. देवाला काय ते ठाऊक नाही?"

"देवाला सगळीच ठाऊक असतात. मग बाकीची तरी कशाला वाचायची?"

"ते मला विचारू नका. पाळक तुम्ही आहात."

उपासना सुरू झाली. गीत झालं, प्रार्थना झाली. पाळकांनी हातात कागद नसताना नावं सांगायला सुरुवात केली. सातव्या नावापर्यंत आवाज सरळ होता. सातव्यानंतर ते थांबले, एक श्वास घेतला आणि नववं नाव सांगितलं. सतरंजीवर बसलेली माणसं एकमेकांकडं बघेनात. सगळ्यांनी ओळखलं होतं. शेवटचं नाव झालं. आता थेट संकल्पांवर यायचं एवढंच बाकी होतं. पण एकवीस वर्षांची जिभेची सवय. पाळक बोलून गेले, "कुणाचं राहिलं का?"

राहीबाई उठल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. फौजदाराची टोपी त्यांना दिसली होती की नाही, हे त्यांनी पुढंही कुणाला सांगितलं नाही.

"आवं पाळकसाब, पान्याचं ऱ्हायलं की."



फौजदार खुर्चीत पुढं सरकले. "पाण्याचं काय, म्हातारे?"

राहीबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि खाली बसल्या. मग फौजदारांनी पाळकांकडं पाहिलं.

"राहिलं खरं," पाळक म्हणाले. "पटकीत अठरा दिवस आम्हाला पाणी मिळालं. देणाऱ्याचे आभार मानायचे राहिलेत."

"नाव सांगा की मग. थांबलात कशाला?"

"नाव मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही."

'माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, असं पुष्कळांनी पुढं त्यांना समजावलं. पाळकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"चला मग," फौजदार म्हणाले.

"पाच मिनिटं द्या. संकल्प वाचायचे आहेत." आणि पाळकांनी मंडळीकडं तोंड करून त्या वर्षी नवा संकल्प सांगितला. हे नाव याच जागी, दिवसाउजेडी, मोठ्यानं वाचता यावं.

"आन माजं, पाळकसाब?" कोंडीबानं मागनं विचारलं.

"तुझं आहे तसंच आहे, कोंडीबा."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता रडल्या. पाळकांनी टोपी घातली आणि शिपायांबरोबर गेले.

तालुक्याहून पुढं त्यांना कुठं नेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बेचाळीस दिवसांनी ते चालत घरी आले. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. टेबलावर सांगलीच्या साहेबांचं पत्र पडलं होतं. वार्षिक अहवाल अद्याप पोचला नाही, तरी गतवर्षातील उपकार व पुढील वर्षाची ध्येये दोन प्रतींत त्वरित पाठवावी. पाळकांनी दोन प्रती लिहिल्या. दोन्हींत आठव्या नावाची जागा कोरी सोडली. पुढली दोन वर्षंही ती तशीच कोरी राहिली.

शेहेचाळीस साली प्रांतात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आणि वॉरंटं उठली. नाथाजी उजळ माथ्यानं गावात आला. गावोगाव त्याचे सत्कार झाले. एका सत्काराला तर फौजदारही हजर होते आणि त्यांना खुर्ची शोधावी लागली नाही.

पाळक नव्या यादीला लागले. डिसेंबर संपत आला असताना एका दुपारी लालासाहेब ओढा ओलांडून आले. याआधी ते कधी आले नव्हते. मागं नाथाजी होता. पाळकांनी पडवीत खुर्ची ठेवली. लालासाहेब बसले नाहीत, उभेच राहिले.

"पाळकसाब, तवा तुमी गप बसलात, लय उपकार झाले. घर वाचलं माजं."

"त्यात काय. आता मात्र मोठ्यानं वाचायचं."

"त्येच सांगाया आलोय. आता बी गप बसा."

पाळकांना वाटलं, उजवा कानही गेला.

लालासाहेब ओढ्याकडं बघत म्हणाले, "पोराचं लगीन ठरतंय. तिकडची मानसं मोठी हायत. वारंट निघालं, रानात ऱ्हायला, त्येचं त्येंना कौतिक हाय. पर तुमच्या वाडीत पानी घाटलं, तुमच्या मढ्यांला हात लावला, हे त्येंच्या कानावर जाया नगं. तुमी शिकली-सवरलेली मानसं. तुमाला न्हाई कळायचं तर कुनाला कळायचं?"

पाळक नाथाजीकडं वळले. "नाथाजी, तुझं काय म्हणणं?"

नाथाजी वहाणेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. "इंग्रजाला भ्यालो न्हाई, पाळकसाब," तो म्हणाला. मग काकांकडं बघितलं आणि पुढलं वाक्य गिळलं. ते काय होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि पाळकांना वाचता येत होतं.

"नाव तुझं आहे, पण उपकार आमच्यावर झालाय," पाळक म्हणाले. "तू 'वाचू नका' म्हण, मी वाचणार नाही. काका म्हणाले म्हणून नव्हे. तू म्हण."

नाथाजी काही न बोलता वळला आणि ओढ्याकडं चालू लागला.

"आईकलंसा न्हवं? त्येला बी नगं हाय," लालासाहेब म्हणाले.

"तो काही म्हणाला नाही."

"मग इचार करा. तुमच्या वाडीतली अकरा-बारा मानसं माज्या गुऱ्हाळावर हायत. हंगाम आत्ता लागलाय." एवढं सांगून तेही गेले.

गोदावरीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पाळकांनी विचारलं, "ही यादी पण चुलीत घालणार का?"

"आता कशाला? फौजदाराला भिऊन घातली होती. लालासाहेबाला भिऊन घातली तर मग दर वर्षी घालावी लागेल."

एक जानेवारी सत्तेचाळीस. पाळकांनी सात नावं वाचली. सातांनाही आमेन आलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि स्पष्ट आवाजात वाचलं, "नाथाजी. पटकीत अठरा दिवस पाणी दिलं. आपल्या पाच माणसांना माती दिली."

आमेन आलं नाही.

पाळक थांबले. फौजदारापुढं ही माणसं डगमगली नव्हती. फौजदार वर्षातून एकदा येतो. गुऱ्हाळ रोजचं असतं. राहीबाईंचा मुलगा गुऱ्हाळावर चुलवणाला जाळ घालायला होता आणि सून मोळ्या वाहत होती. राहीबाई मांडीवरच्या हातांकडं बघत होत्या, दिसत नव्हतं तरी. कोंडीबा दाराच्या चौकटीला टेकून बाहेर बघत होता. ज्या नावासाठी पाळक तीन वर्षं थांबले होते ते नाव हवेत तसंच राहिलं, आणि ते उचलायला कुणाचा हात पुढं येईना.

"आमेन," गोदावरीबाई म्हणाल्या. एकट्याच.

पाळक रागावले नाहीत. आपल्या मोठ्यानं वाचण्याची किंमत आपल्याला पडणार नाही, ती या सतरंजीवर बसलेल्यांना पडणार आहे, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याची त्यांना शरम वाटली. उरलेली नावं त्यांनी हळू आवाजात वाचली. संकल्पांचा कागद काढला, त्यावर कौलं होती, घंटा होती, कोंडीबा होता. त्यांनी कागद घडी करून ठेवला.

"यंदा संकल्प एकच," ते म्हणाले. "विहीर. देवळामागच्या आपल्या जागेत. आपल्याला पाणी दिलं म्हणून पुन्हा कुणाला तोंड लपवावं लागू नये."

याला आमेन आलं. हळू आलं, पण सगळ्यांचं आलं.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावरून ख्रिस्तवाडीची माणसं परत पाठवण्यात आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पाळक कोटाच्या बाह्या वर सारून पहार घेऊन देवळामागं गेले. थोड्या वेळानं कोंडीबा टिकाव घेऊन आला. "घरात बसून बसून पेयाची आठवन येती," तो म्हणाला. मग बाकीचे आले. दहा फुटांवर मुरूम लागला, वीस फुटांवर खडक. चाळिसाव्या दिवशी, चौतीस फुटांवर, कोंडीबाच्या पायाला गार लागलं. तो वर ओरडला नाही. ओंजळभर पाणी घमेल्यात घालून त्यानं घमेलं वर पाठवलं.

नाथाजीचं लग्न फाल्गुनात झालं. ख्रिस्तवाडीला आमंत्रण नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या एक जानेवारीला पाळक यादी घेऊन उभे राहिले. पहिलं नाव ऐकून माणसं चमकली.

"लालासाहेब. गुऱ्हाळाच्या ऐन हंगामात आपली अकरा माणसं चाळीस दिवस मोकळी केली, त्याबद्दल."

कोंडीबा फिस्सकन हसला. पाळकांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. पाळकांच्या तोंडावर हसू नव्हतं. कोंडीबाचं हसू आटलं. ती माणसं गुऱ्हाळावर असती तर विहीर झाली नसती, एवढा साधा हिशेब होता, आणि आभार मानायचे राहू देणं पाळकांना अजूनही जमत नव्हतं.

तेवढ्यात राहीबाई भिंतीला धरून उठल्या.

"अकरा न्हवं, पाळकसाब. बारा. माजी सून बी हुती की घमेली वाहाया."

पाळकांनी खिशातून पेन काढलं, कागद व्यासपीठावर ठेवून अकराचे बारा केले आणि नाव पहिल्यापासून पुन्हा वाचलं.