पोहायच्या बाई

शाळेत जशा गणिताच्या बाई आणि चित्रकलेच्या बाई असतात, तशी तलावावरच्या मुलांसाठी ती 'पोहायच्या बाई' होती. आवाज असा खणखणीत की बुडी मारलेल्यालाही ऐकू यावा. पाण्याला घाबरणारं मूल आलं की आईबाप आधी तिलाच गाठत, कारण रडणाऱ्या पोराला ती कधी ओढत नसे. त्याच्या शेजारी कठड्यावर पाय सोडून बसायची आणि पाणी सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची. बोलता बोलता मूल कमरेइतक्या पाण्यात कधी उतरलं, ते त्याचं त्यालाही कळत नसे.

एका सकाळी ती कठड्यावर उभी होती. शिट्टी ओठांशी नेली, पण शिट्टी वाजलीच नाही. पुढचं तिला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ती ओल्या फरशीवर आडवी होती आणि तोंडात रक्ताची चव होती. कुणीतरी घाबरून दातांत चमचा कोंबला होता, त्याने पुढच्या दाताचा टवका उडवला होता. मुलं भिंतीला चिकटून उभी होती.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अपस्मार आहे. लोक फिट म्हणतात. मेंदूत थोडा वेळ विजेचा गोंधळ होतो, मग तो आपोआप थांबतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत, झोप मोडायची नाही, गाडी चालवायची नाही. काम काय करता?"

"पोहायला शिकवते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

तलावाच्या व्यवस्थापकाने तिला काढलं नाही, पण टॉवेल आणि कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या खिडकीत बसवलं. तिथून पाणी दिसत नसे. दिसायची ती फक्त फरशीवर उमटत जाणारी ओली पावलं. जुनी मुलं खिडकीशी थबकायची, काहीतरी विचारायला तोंड उघडायची आणि आयांनी दंड ओढला की पुढे जायची.

दुसरी फिट घरी आली, आईच्या डोळ्यांदेखत. त्या दिवसापासून आईने जो धसका घेतला, तो घेतलाच. भावाने पेचकस आणून न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली. ती अंघोळीला गेली की आई बाहेर स्टूल टाकून बसायची.

"आहेस ना गं?"

"आहे."

साबण लावून होतो न होतो तोच पुन्हा, "आहेस ना?"

"आई, न्हाणीघरातून मी कुठे जाणार आहे?"

तिशी उलटलेल्या बाईला दाराआडून हजेरी द्यावी लागत होती. भाऊ मायेचाच, पण त्याचं म्हणणं एकच, "बाहेर कुणाला बोलू नकोस. चक्कर आली होती म्हणून सांग." ती तसं सांगायची आणि प्रत्येक वेळी आपण काही चोरी केल्यासारखं तिला वाटायचं.

वहिनी मोजकंच बोलणारी. एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "ताई, एक गोष्ट पाठवलीय फोनवर. वाटलं तर बघा, नाही तर पुसून टाका."

फिट येणाऱ्या माणसांचा तो ऑनलाइन गट होता. नाव 'पडतो-उठतो मंडळी'. नाव वाचूनच तिला राग आला. याची चेष्टा करतात? पण राग आला तरी ती वाचत राहिली. तिथे खऱ्या नावाने कुणी नव्हतं. गट चालवणाऱ्या होत्या काकू, शाळकरी वयापासून फिट सोसलेल्या. 'तीन मांजरी' नावाची एक विद्यार्थिनी होती. 'बेकरीवाला' पूर्वी भट्टीवर होता, आता भट्टीपासून लांब बसून केकवर फुलं काढायचा. तो लिहायचा, "परवा दुकानासमोर पडलो. शुद्धीवर आलो तर भोवती इतकी गर्दी की मलाच वाटलं, काय झालंय बघावं जरा."

ती खिडकीतल्या रिकाम्या दुपारी हसली, आणि हसल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. बरेच दिवस नुसती वाचल्यावर तिने 'खिडकी' हे नाव घेतलं आणि पहिला निरोप लिहिला: "अंघोळीला एकटं जाता येत नाही. आई दाराशी बसते. तिला काय सांगू?"

उत्तरांचा नुसता पाऊस पडला. कुणी म्हणालं, दार आत न उघडता बाहेर उघडेल असं करून घे. कुणी म्हणालं, उभी राहू नको, बसून अंघोळ कर. तीन मांजरीने लिहिलं, "गाणं म्हणत जा. गाणं चालू आहे तोवर कुणी यायचं नाही. थांबलं आणि हाकेला उत्तर आलं नाही, तर यायचं. आमच्या घरी हाच कायदा आहे."

दुसऱ्या दिवशी तिने गाणं सुरू केलं. तिचा आवाज शिट्टीच्या कामाचा, गाण्याच्या नव्हे. थोड्याच वेळात आई स्टूल उचलून स्वयंपाकघरात गेली. "ऐकू येतंय गं बाई," ती तिथून ओरडली. "शेजाऱ्यांनाही येतंय."

रविवारी दुपारी मंडळींचा व्हिडिओ कॉल असे. सगळ्यांच्या घरच्यांचे नंबर काकूंकडे असत. ज्यांना जमेल ते जमायचे, गोळ्यांनी येणाऱ्या सुस्तीबद्दल बोलायचे, नोकरीच्या मुलाखतीत सांगावं की न सांगावं यावर वाद घालायचे. अशाच एका रविवारी बेकरीवाला काहीतरी रंगवून सांगत होता आणि वाक्याच्या मध्येच गप्प झाला. त्याची नजर पडद्याच्या पलीकडे कुठेतरी लागली. मग तो खुर्चीवरून एका कुशीला कोसळला. पडद्यावर उरला फक्त त्याचा हादरणारा खांदा आणि खुर्चीचा पाय.

तीन मांजरी किंचाळली. काकू त्याला नुसत्या हाका मारत राहिल्या. आणि खिडकीच्या तोंडून तलावावरचा आवाज निघाला.

"काकू, त्याच्या बहिणीला फोन लावा! बाकीच्यांनी माईक बंद करा. मी घड्याळ बघतेय."

बहीण खालच्याच मजल्यावर होती. ती धावत आत आली आणि भावाचे हात दाबून धरायला लागली.

"ताई, हात सोडा!" खिडकी पडद्यातून ओरडली. "त्यांना धरू नका. खुर्ची लांब ओढा. डोक्याखाली उशी द्या. तोंडात काहीही घालायचं नाही. मी आहे, मी वेळ बघतेय."

बहिणीने ऐकलं. दोन मिनिटांच्या आत अंग सैल पडलं. मग तिने त्याला कुशीवर वळवायला सांगितलं. बहीण त्याच्या पाठीवर हात ठेवून रडत बसली. बऱ्याच वेळाने बेकरीवाल्याने डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं आणि जड जिभेने विचारलं, "कॉल संपला?"

"तुमच्याशिवाय कसा संपेल?" काकू म्हणाल्या, आणि सगळेच एकदम हसले, डोळे पुसत.

फोन ठेवून ती वळली, तर दारात आई उभी. आईने सगळं पाहिलं होतं.

"माझं असंच होतं?" तिने विचारलं.

आईने होकाराची मान हलवली.

"मी आज पहिल्यांदा पाहिलं, आई."

"तू किती शांत होतीस."

"शांत कुठली? नुसती घड्याळाला धरून होते." तिने हात पुढे केले. आईने ते आपल्या दोन्ही हातांत धरले.

फिट आपल्याला येते, पण आपण तेव्हा तिथे नसतोच. ती सगळी सोसावी लागते बघणाऱ्याला, हे तिला त्या दिवशी उमगलं. स्टुलावर बसणाऱ्या आईवरचा तिचा राग तेव्हा ओसरला. इकडे आईला वाटलं, हे इतकंच करायचं असतं तर आपण करू शकू. ती म्हणाली, "त्या तुझ्या मंडळींत आया असतात का?" असायच्या. त्यांचा वेगळा कट्टाच होता. आठवडाभरात आई तिथे इतकी रुळली की भाजी करपायला लागली.

पुढे गोळ्या लागू पडल्या, आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच तिसरी फिट आली. ती सकाळी बूट घालत होती. शुद्धीवर आली तेव्हा ती कुशीवर होती, डोक्याखाली आईची दुमडलेली शाल. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्थिर होता. "झालं गं. संपलं. घरीच आहेस. दात शाबूत आहेत."

ते दोन दिवस वाईट गेले. मंडळींत तिने लिहिलं, "पुन्हा तिथेच येऊन पडले." बेकरीवाल्याने उत्तर दिलं, "तिथे आम्ही सगळे आहोतच की. जागा करून देतो."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या. त्या नीट लागू पडून पुरेसा काळ गेल्यावर तिने त्यांनाच विचारलं, की पाण्यात न उतरता शिकवलं तर? त्या म्हणाल्या, कडेपासून लांब बसून आणि पाण्यात दुसरं कुणी असेल तर हरकत नाही. मग ती वहिनीला घेऊन व्यवस्थापकाकडे गेली. तो चुळबुळत म्हणाला, "माझी ना नाही हो. पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मीच सांगते."

ऐकल्यावर भाऊ आधी 'चक्कर म्हणूनच सांग' असं म्हणायला गेला. मग म्हणाला, "मी येऊ का सोबत?" आणि आला.

मुलांचे आईबाप तलावाच्या पायऱ्यांवर बसले होते. तिने फिट हा शब्द उच्चारला, काय होतं आणि काय करायचं ते सांगितलं. एका आईने शांतपणे आपल्या मुलाची पिशवी उचलली, "माफ करा," म्हणाली आणि निघून गेली. तिला ते लागलं, पण त्या बाईचा राग आला नाही. भीती कशी असते, ते तिने घरीच पाहिलं होतं.

मागून एका मुलीचे आजोबा उठले. "तुम्ही पडलात, तर पोरांनी काय करायचं?"

"पाण्यातून बाहेर येऊन भिंतीशी बसायचं. पाण्यात दुसऱ्या शिक्षिका असतील, त्या मुलांना बाहेर घेतील. जीवरक्षक माझ्याकडे बघेल. हे आम्ही मुलांकडून करून घेणार आहोत, आग लागल्यावर काय करायचं ते शाळेत शिकवतात ना, तसंच."

आजोबा पुन्हा खाली बसले. "मग हरकत नाही," ते म्हणाले. "माझी साखर उतरली की मीही असाच कुठेही पडतो. मला तर या नातीने बिस्किट द्यायचं असतं, तेही हीच खाऊन टाकते."

लोक हसले. त्यांची नात मात्र हसली नाही. पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तेव्हा दुखतं का?"

"तेव्हा मला काहीच कळत नाही. नंतर सगळं अंग दुखतं. खूप पोहल्यावर दुखतं ना, तसं."

मुलीला ते पटलं. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, कडेपासून लांब मांडलेल्या बाईंच्या खुर्चीकडे एकदा वळून पाहिलं आणि पाय आधी घालून हळूच पाण्यात उतरली.